तमिळ कादंबरीतील जातवास्तव

आधुनिक तमिळ कादंबरीतली जात समजण्यासाठी आधी गावाची रचना माहीत हवी. सवर्ण आणि मध्यम जातींची वस्ती म्हणजे ‘ऊर’, दलितांची ‘चेरी’. चेरीतही उतरंड आहे: परैयर, पळ्ळर, अरुंधतियर, आणि त्यांच्याही खाली दलितांचेच कपडे धुणारे पुदिरै वण्णार. या विषयावरचं सर्वांत कसदार लेखन ‘ऊर’विरुद्ध ‘चेरी’ एवढ्यावर थांबत नाही, ते चेरीच्या आत शिरतं.

२५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात ४४ दलितांना झोपडीत जाळून मारलं गेलं. मूळ झगडा भातशेतीतल्या मजुरीचा होता. या हत्याकांडावरच्या इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुदिप्पुनल’ या कादंबरीला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मात्र जमीनदाराच्या क्रौर्याचं मूळ त्याच्या लैंगिक न्यूनत्वात शोधल्याने मजुरी आणि जात मागे पडली, हा आक्षेप रास्त आहे. पूमणी यांनी ‘पिरगु’ (१९७९) आणि ‘वेक्कै’ (१९८२) मध्ये रोजच्या श्रमातून आणि बोलीतून जात दाखवली.

१९९०–९१ च्या आंबेडकर जन्मशताब्दीने तमिळ दलित लेखनाला मोठी गती दिली. मराठी दलित साहित्याचे अनुवादही तेव्हा तमिळमध्ये वाचले जात होते. तरी मराठीत आत्मकथनांनी जो जोर धरला तो तमिळमध्ये कादंबरीने धरला. ठळक अपवाद बामा यांच्या ‘करुक्कु’ या आत्मकथनाचा (१९९२). त्यातला एक प्रसंग पाहा: चेरीतला एक वडीलधारा माणूस खाऊचा पुडा दोरीला धरून, हात न लावता, नायकर या वरच्या जातीतल्या जमीनदारापुढे नेतो. लहान मुलीला गंमत वाटते. पुड्याला स्पर्श झाला तर तो बाटतो, हे भाऊ तिला समजावतो. तिची आजी नायकरांच्या घरी राबते, तिथे तिला पाणी उंचावरून ओंजळीत ओतलं जातं.

शिवकामी यांच्या ‘पळैयन कळिदलुम’ने (१९८९) दलित पुढाऱ्याच्या घरातली पुरुषी सत्ता मांडली. इमैयम यांची ‘कोवेरु कळुदैगळ’ (१९९४) तर पुदिरै वण्णार कुटुंबाचीच कथा आहे. आरोक्यम परैयरांचे कपडे धुते, बाळंतपणं करते, मयताची कामं उरकते. मोबदला म्हणजे सुगीला धान्य आणि रोज रात्री दारोदार फिरून मागितलेला भात. गाव बदलत जातं तसं हे बलुतं आटतं, पण हक्काने काम सांगणारे तेच राहतात. मोबदला देणारे परैयरही दलितच असल्याने समाजाची बदनामी केल्याचा आरोप काही दलित समीक्षकांनी केला. वास्तविक ही कादंबरी जातिव्यवस्थेचं यंत्र सर्वांत स्पष्ट दाखवते: ज्याला वरून लाथ बसते त्यालाही लाथाडायला कुणीतरी खाली ठेवलेलं असतं.

मध्यम जातींच्या आतून लिहिणाऱ्यांत पेरुमाळ मुरुगन महत्त्वाचे. ‘कूळमादारी’त (२०००) गौंडर या शेतकरी जातीतल्या मालकाकडे सालाने बांधलेला, शेळ्या राखणारा अरुंधतियर मुलगा आहे, ‘पूक्कुळी’त (२०१३) आंतरजातीय लग्न आहे, पण वधूची जात शेवटपर्यंत सांगितलेली नाही, त्यामुळे गावाचा द्वेष कुठल्याही खालच्या जातीला लागू पडतो. ‘मादोरुबागन’मध्ये (२०१०) मूल नसलेल्या बाईने जत्रेत परपुरुषाकडून मूल मिळवण्याची प्रथा दाखवली आहे, त्यावरून तिरुचेंगोड शहरात निषेध पेटले, आणि जानेवारी २०१५ मध्ये प्रशासनाने बोलावलेल्या बैठकीत त्यांना माफीनामा द्यावा लागला. त्यांनी लेखन सोडल्याचं जाहीर केलं. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने पुस्तकाविरुद्धच्या मागण्या फेटाळल्या आणि तो माफीनामा लेखकावर बंधनकारक नसल्याचं सांगितलं. त्यानंतर मुरुगन पुन्हा लिहू लागले.