शेवटची फेरी : थीम पार्कमधून नाहीशा झालेल्या लाडक्या राइड्सची पार्श्वभूमी

५ सप्टेंबर १९९४ रोजी फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये पाणबुडीच्या राइडमधून जे लोक उतरले, त्यांना आपण तिचे शेवटचे प्रवासी ठरणार आहोत याची कल्पना नव्हती. राइड तात्पुरती बंद राहील, अशीच सर्वांची समजूत होती. ती पुन्हा कधीच सुरू होणार नाही, हे १९९६ मध्ये जाहीर झाले, आणि तोपर्यंत तिचा निरोप घेण्याची वेळ कधीच निघून गेली होती. थीम पार्कमधील राइड्स बंद होण्याचा इतिहास पाहताना ही पाणबुडी महत्त्वाची ठरते, कारण लोकांचे प्रेम आटले म्हणून राइड बंद होते हा सर्वसाधारण समज तिच्या बाबतीत साफ खोटा ठरतो.

‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ ही राइड १९७१ मध्ये पार्कबरोबरच त्याच महिन्यात सुरू झाली होती. सुमारे १ कोटी १५ लाख गॅलन पाण्याच्या तलावात १२ पाणबुड्या फिरत असत. अरुंद जिन्याने खाली उतरून प्रवासी गोल खिडकीसमोर बसत आणि खिडकीबाहेर बुडबुड्यांचा पडदा वर उसळला की आपण खोल पाण्यात चाललो आहोत असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात पाणबुडी एक इंचही खाली जात नसे. ती तळाशी बसवलेल्या रुळाच्या आधाराने पुढे सरकत असे आणि समुद्राची सगळी खोली त्या बुडबुड्यांतच सामावलेली होती. इतक्या साध्या युक्तीने एवढा मोठा भास निर्माण करणे, याला मी या क्षेत्रातील अस्सल कारागिरी मानतो. मात्र हा भास टिकवणे अतिशय महाग होते. सतत पाण्यात बुडालेले कृत्रिम प्रवाळ, मासे आणि यंत्रे यांची निगा राखावी लागे, प्रवाशांची चढ-उतार संथ होती, आणि त्या जिन्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील माणसाला आत जाणे अवघड होते. रांग लांबच लांब असे, पण तासाभरात बसवता येणाऱ्यांची संख्या कमी आणि खर्च जास्त, अशा हिशेबात ती मागे पडली.

त्याआधीच्या काळात राइड्सचा शेवट वेगळ्या कारणांनी होत असे. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडवरचे ड्रीमलँड हे करमणुकीचे पार्क १९११ मध्ये आगीत भस्मसात झाले, तर लूना पार्कची अखेर १९४४ च्या आगीने ओढवली. त्यांच्या शेजारी असलेले, १८९७ मध्ये सुरू झालेले स्टीपलचेस पार्क १९६४ पर्यंत चालले. तिथे रुळांवरून धावणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसून प्रौढ माणसेही शर्यत लावत. त्या पार्कचा पॅराशूट जंपचा सुमारे २५० फुटी मनोरा आजही उभा आहे, पण त्यावरून खाली कोणी येत नाही. लाकडी बांधणी, विमा, जमिनीचे वाढते मोल आणि मालक कुटुंबाची पुढची पिढी यांवर त्या काळी पार्कचे आयुष्य ठरत असे.

मोठ्या कंपन्यांनी उभारलेल्या थीम पार्कमध्ये या जुन्या कारणांच्या जोडीला प्रायोजकाचा करार आला. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट पार्कमधील ‘होरायझन्स’ ही राइड हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रायोजकत्वाखाली १ ऑक्टोबर १९८३ रोजी सुरू झालेल्या या राइडमध्ये वरच्या रुळाला लटकलेल्या आसनांतून प्रवासी भविष्यातील घरे, वाळवंटातील शेती, समुद्रतळावरील वसाहत आणि अंतराळस्थानक पाहत पुढे जात. वाळवंटातल्या संत्र्यांच्या बागेजवळून आसन सरके तेव्हा संत्र्यांचा वास हवेत सोडला जाई, आणि तिच्याविषयी बोलताना लोक आजही पहिल्यांदा त्या वासाचीच आठवण काढतात. शेवटी परतीचा मार्ग अंतराळातून, वाळवंटातून की समुद्राखालून हवा, हे प्रवासी बटण दाबून ठरवत. १९९३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने हात काढून घेतला, पुढच्या वर्षी राइड थांबली, शेजारची दोन मोठी दालने नूतनीकरणासाठी बंद झाल्यावर गर्दी सामावण्यासाठी १९९५ च्या अखेरीस ती पुन्हा चालू करण्यात आली, आणि ९ जानेवारी १९९९ रोजी तिची कायमची अखेर झाली. इमारतही पाडली गेली. त्या जागी २००३ मध्ये ‘मिशन : स्पेस’ आली. भविष्याविषयी इतक्या आस्थेने बोलणारी राइड केवळ जागा भरून काढण्यासाठी तीन वर्षे चालवली गेली, याची खंत मला आजही वाटते.

बंद होणाऱ्या राइडसाठी लोकांनी उघडपणे उभे राहण्याची सुरुवात मात्र एका लहानशा, अंधाऱ्या, घरगुती वाटणाऱ्या राइडपासून झाली. मॅजिक किंगडममधील, मिस्टर टोड या गोष्टीतल्या बेडकाच्या नावाची ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ बंद होणार अशी बातमी १९९७ मध्ये फुटली, तेव्हा चाहत्यांनी हिरवे शर्ट घालून पार्कमध्येच शांततेने निदर्शने केली, पत्रे पाठवली आणि इंटरनेटवरून एकमेकांना गोळा केले. या राइडला दोन स्वतंत्र मार्ग होते आणि कोणत्या बाजूच्या गाडीत बसलो यावर दिसणारी दृश्ये बदलत. ७ सप्टेंबर १९९८ ही तिची शेवटची तारीख ठरली आणि पुढच्या वर्षी त्याच इमारतीत ‘विनी द पू’ची राइड आली. मोहीम हरली, परंतु पार्क चालवणाऱ्यांना एक गोष्ट उमगली, ती म्हणजे बंद होण्याची तारीख आधी सांगितली तर लोक त्या दिवसासाठी मुद्दाम येतात. ‘द ग्रेट मूव्ही राइड’ १३ ऑगस्ट २०१७ रोजी थांबली, तेव्हा तो दिवस आधीपासून सर्वांना ठाऊक होता. ‘जॉज’ची युनिव्हर्सल ऑर्लँडोमधील राइड २ जानेवारी २०१२ रोजी बंद झाली तेव्हाही तसेच घडले. १९९० मध्ये सुरू होताच यांत्रिक बिघाडांनी बेजार झालेली आणि जवळजवळ नव्याने बांधून १९९३ मध्ये पुन्हा सुरू केलेली ही राइड, तिच्या जागी हॅरी पॉटरच्या कथेतली जादूगारांची डायगॉन अ‍ॅली ही गल्ली उभारण्यासाठी हटवली गेली. चित्रपटावर आधारलेल्या राइड्सचे हे दुखणे जुनेच आहे, कारण ज्या लोकप्रियतेवर त्या उभ्या राहतात तीच पुढच्या चित्रपटाकडे सरकते.

‘स्प्लॅश माउंटन’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या, कृत्रिम डोंगरावरून पाण्यात घसरणाऱ्या या राइडचा आधार १९४६ चा ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट होता, आणि गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय जीवनाचे त्यातील गोडगुलाबी चित्रण पहिल्यापासून टीकेचा विषय झाले होते. जून २०२० मध्ये बदलाची घोषणा झाली, २०२३ मध्ये डिस्नेलँड आणि मॅजिक किंगडम या अमेरिकेतील दोन्ही ठिकाणच्या राइड्स बंद झाल्या आणि पुढच्या वर्षी ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ सुरू झाली. हा बदल योग्यच होता असे माझे मत आहे. तरीही ज्यांचे बालपण त्या उतारावरून भिजत गेले त्यांचे दुःख खोटे ठरत नाही. डिस्नेलँडमधल्या राइडमधील अनेक यांत्रिक प्राणी मुळात १९७४ ते १९८८ या काळात चाललेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या कार्यक्रमातले होते. तो संपल्यावर ते डोंगरात नेऊन बसवण्यात आले. त्याआधीच दोन हंसांची कातडी उतरवून आतले सांगाडे ‘स्टार टूर्स’ या दुसऱ्या राइडच्या रांगेत यंत्रमानव म्हणून उभे केले होते. त्यामुळे २०२३ मध्ये गाणाऱ्या त्या प्राण्यांवर पडदा दुसऱ्यांदा पडला.

निरोपाची ही प्रथा अजूनही सर्वत्र पाळली जात नाही. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधील ‘किंगडा का’ हा ४५६ फूट उंचीचा, त्या वेळी जगात सर्वांत उंच असलेला रोलरकोस्टर १० नोव्हेंबर २०२४ रोजी शेवटचा धावला आणि तो बंद झाल्याची घोषणा त्यानंतर काही दिवसांनी करण्यात आली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटकांनी मनोरा जमीनदोस्त झाला. पाणबुडीच्या प्रवाशांप्रमाणेच त्या शेवटच्या गाडीतल्या लोकांनाही कोणी काही सांगितले नव्हते.

क्वचित एखादी राइड वाचतेही. कॅनडातील क्रिस्टल बीच पार्कमधील ‘सायक्लोन’ हा रोलरकोस्टर १९४६ मध्ये मोडला गेला आणि त्यातले साहित्य वापरून १९४८ मध्ये ‘कॉमेट’ उभा राहिला. १९८९ मध्ये ते पार्कच बंद पडल्यावर ‘कॉमेट’ विकला गेला आणि १९९४ पासून न्यूयॉर्क राज्यातील ग्रेट एस्केपमध्ये धावू लागला. पेनसिल्व्हेनियातील १९०२ चा ‘लीप द डिप्स’ हा लाकडी रोलरकोस्टर १९८५ मध्ये थांबला होता, तो चौदा वर्षांनी दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला. लाकूड आणि रूळ हलवता येतात, म्हणून हे घडले. इमारतीच्या आत, अंधारात, ठरावीक जागी दिवा लागण्यावर जी राइड उभी असते तिला हे भाग्य लाभत नाही. तिच्या मागे खुणाच तेवढ्या उरतात. विनी द पूच्या राइडमध्ये भिंतीवर एक चित्र आहे, ज्यात मिस्टर टोड घराची कागदपत्रे घुबडाच्या हाती सोपवत आहे. आणि त्याच पार्कमधील हाँटेड मॅन्शनच्या बाहेर, पाळीव प्राण्यांच्या स्मशानात, मागच्या बाजूला टोडचा एक छोटा पुतळा उभा केलेला आहे.