सेझिनकोट हाउस

सेझिनकोट हाउस : इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात, मॉर्टन-इन-मार्शजवळ असलेला जमीनदारी वाडा. बाहेरून तो मोगल वळणाचा आहे, आत मात्र ग्रीक धर्तीची सजावट आहे.

बंगालमध्ये लष्करी नोकरी केलेल्या कर्नल जॉन कॉकरेल यांनी १७९५ मध्ये ही जमीन घेतली. ते १७९८ मध्ये वारले आणि ती बंधू चार्ल्स यांच्याकडे आली. कलकत्त्यात पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स यांनी १८०५ च्या सुमारास वाड्याचे काम तिसरे बंधू, वास्तुविशारद सॅम्युअल पीप्स कॉकरेल यांच्याकडे सोपवले. सॅम्युअल कधीच हिंदुस्थानात आले नव्हते. ती उणीव भरून काढली चित्रकार टॉमस डॅनियल यांनी. पुतण्या विल्यमसह त्यांनी हिंदुस्थानभर फिरून वास्तूंची चित्रे काढली होती.

मधोमध तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या (खांबांवर उभ्या लहान घुमट्या), भिंतीबाहेर खोल आलेला छज्जा आणि प्रवेशद्वारावर उंच कमान. दगड पिवळसर तांबूस आहे. दक्षिणेला संत्र्याच्या झाडांसाठी बांधलेले काचगृह धनुष्यासारखे वळत जाते. त्याच्या खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी आहेत. हा वाड्याचा सर्वांत देखणा भाग. आपल्याकडे छज्जा ऊन अडवतो आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकतो. इंग्लंडच्या मंद उन्हात त्याचे निम्मे काम उरत नाही. तरीही त्याच्या सावलीच्या रेघेमुळेच या भिंतींना उठाव आला आहे. मांडणी मात्र अस्सल इंग्रजी आहे. चौक नाही, जनानखाना नाही. दिवाणखाने वरच्या मजल्यावर आहेत.

बागेची रचना करताना डॅनियल यांनी सूर्याचे छोटे मंदिर, सर्पकारंजे आणि नंदींच्या मूर्ती बसवलेला पूल योजला. पुलाखालचे जाड खांब घारापुरीच्या लेण्यांतील खांबांवरून घेतले आहेत. घारापुरी डॅनियल काका-पुतण्यांनी स्वतः पाहिलेली होती. एकाच बागेत शैव लेण्यातले खांब आणि घरावर मोगल घुमट, ही सरमिसळ इथल्या कारागिराने केली नसती. पण दगडातले तपशील डोळसपणे उचललेले आहेत, हे नाकारता येत नाही.

पुढे राजा झालेल्या चौथ्या जॉर्जने युवराज असताना १८०७ मध्ये हा वाडा पाहिला. त्याच्याच ब्रायटनमधील राजवाड्याचे, रॉयल पॅव्हेलियनचे, हिंदुस्थानी वळणाचे घुमट वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ नंतर बांधले.

१९४४ मध्ये क्लाइनवर्ट कुटुंबाने वाडा विकत घेऊन त्याची दुरुस्ती केली. दक्षिणेकडची चारबाग (चार भागांत विभागलेली मोगल धर्तीची बाग) त्यांच्याच काळातली, मूळ आराखड्यातली नव्हे.