सी भाषेतील तारीख आणि वेळ

सी या संगणकभाषेत तारीख-वेळ दोन रूपांत ठेवतात: एक म्हणजे सलग मोजलेला आकडा, दुसरे म्हणजे वर्ष, महिना, तास अशा कप्प्यांची रचना. दोन्ही रूपे ‘टाइम डॉट एच’ या हेडर फाइलमध्ये आहेत.

पहिल्याचे नाव टाइम_टी. हा आकडा कशाचा असावा, हे सीचे प्रमाण ठरवून देत नाही. युनिक्स परंपरेतल्या यंत्रणांत तो जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतो. सोलापुरात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्याआधीच्या तारखा ऋण येतात. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिली तो दिवस १२ जानेवारी १९३१, म्हणजे १४,२३४ दिवस मागे, सुमारे उणे १२३ कोटी सेकंद. काही यंत्रणांतली फंक्शने असा ऋण आकडा नाकारतात, म्हणून ऐतिहासिक तारखांसाठी टाइम_टीवर विसंबू नये.

दुसरे रूप स्ट्रक्ट टीएम. नवशिके इथेच अडखळतात. वर्ष १९०० पासून मोजायचे, महिना शून्यापासून, तारीख मात्र एकपासून. वरचीच तारीख घेतली तर वर्ष ३१, महिना ०, तारीख १२ आणि वार १, कारण रविवार शून्य आणि तो दिवस सोमवार होता. वर्षाच्या कप्प्यात सरळ २००४ लिहिले, तर प्रोग्रॅम सन ३९०४ मध्ये जातो.

दोन रूपे का लागतात, हे यंत्रमाग कारखान्यातल्या रात्रपाळीवरून लख्ख कळते. कामगार ३१ डिसेंबरला रात्री ८ ला आला, सकाळी ८ ला सुटला. तासातून तास वजा केले तर उत्तर उणे १२, आणि हजेरी चुकली. दोन्ही वेळा मेकटाइममधून आकड्यात आणून डिफटाइमने वजाबाकी केली, की ४३,२०० सेकंद, म्हणजे पुरते बारा तास मिळतात. सुटण्याची तारीख ३२ डिसेंबर लिहिली तरी मेकटाइम ती १ जानेवारी करून देते, वारही भरते. हे फंक्शन फार कामाचे आहे. फक्त उन्हाळी वेळेचा (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, त्याचा) कप्पा आधी भरावा. भारतात तिथे शून्य चालते, पण रिकामा सोडला तर त्यात काहीही पडलेले असू शकते.

लोकलटाइम हे फंक्शन यंत्राच्या सेटिंगप्रमाणे स्थानिक वेळ देते. सोलापूरचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २६ मिनिटे मागे असतो, पण सीला त्याच्याशी कर्तव्य नाही. ते फक्त साडेपाच तासांचा फरक जोडते. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल, तर इथे रात्री दोनला काढलेल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख छापली जाते.

टाइम_टी ३२ बिटी आणि सचिन्ह (धन-ऋण दोन्ही आकडे घेणारा) असेल, तर तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. भारतीय वेळेनुसार तो क्षण १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला आकडा उलटला, की तारीख डिसेंबर १९०१ ची दिसते. ६४ बिटी यंत्रणांत ही अडचण नाही. मात्र चार बाइटांत साठवून ठेवलेल्या फाइलींतल्या जुन्या नोंदी नुसत्या नव्या कम्पाइलरने सुधारत नाहीत, त्या वेगळ्या रूपांतरित कराव्या लागतात.