पेंटर परंपरा (कोल्हापूर)

कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांनी पुढं स्वतःच सिनेमाचा कॅमेरा बनवला, सेट उभे केले आणि पोस्टरही रंगवली, त्या सगळ्या कामाला मिळून पेंटर परंपरा म्हणतात. पेंटर हे इथं धंद्याचं नाव आणि आडनाव पण. बाबूराव पेंटर (1890–1954) मूळचे मेस्त्री, आनंदराव पेंटर त्यांचे भाऊबंद.

याआधी शहरात चित्रकला होतीच, आबालाल रहिमान (मृत्यू 1931) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. त्यांचं जन्मवर्ष कुठं 1856 तर कुठं 1860 दिलेलं असतं. फोटोग्राफी 1839 मध्ये जगापुढं आली आणि मग हुबेहूब चेहरा काढायला चित्रकारच पाहिजे असं राहिलं नाही, आबालालांची निसर्गचित्रं बघताना हे डोक्यात ठेवलेलं बरं, पण दोन्हींचा थेट संबंध जोडणं जरा धाडसाचंच.

खरा वाद सिनेमाचा कॅमेरा कोणी बनवला याचा आहे. आनंदराव आणि बाबूराव दोघं पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादाला लागले, पण 1916 मध्ये आनंदराव वारले आणि कॅमेऱ्याचं काम अर्धवट राहिलं. ते पुरं झालं बाबूराव आणि विष्णुपंत दामले यांच्या हातून. कोण एकट्या बाबूरावांचं नाव घेतं, कोण दामल्यांचा वाटा मोठा मानतं. गिअर, शटर, फिल्म एकसारखी पुढं सरकवणारी यंत्रणा ही कामं एका माणसाची वाटत नाहीत, त्यामुळं दुसरं म्हणणं जास्त पटतं. अर्थात कॅमेरा देशी असला तरी कच्ची फिल्म परदेशातूनच यायची. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापनाही कोण 1917 सांगतं तर कोण 1918, कंपनी निघणं आणि कॅमेरा चालू होणं या दोन तारखा एकत्र झाल्यानं हा घोळ झाला असावा. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरवला, हे मात्र सगळे सांगतात.

कंपनीचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा 1920 मध्ये आला, तो बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. गंमत अशी की ज्यांचं पोट रंगवलेल्या पडद्यावर चालायचं त्यांनीच सिनेमात सपाट पडदा बाजूला सारून लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले, कारण नाटकात दुरून खपून जाणारा रंगवलेला खांब कॅमेऱ्याला फसवू शकत नाही. बाबूराव सीन आधी कागदावर काढून बघायचे. 1925 चा ‘सावकारी पाश’ तर पुराणकथा सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडं वळला, त्यात शांताराम वणकुद्रे म्हणजे व्ही. शांताराम यांनी काम केलं होतं. पोस्टरही हेच लोक रंगवायचे. या कंपनीच्या बहुतेक फिल्म आज बघायला मिळत नाहीत.

शांताराम, दामले, फत्तेलाल वगैरे मंडळींनी 1929 मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बोलपट आल्यावर आवाजाचं तंत्र शिकून 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत केला, 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. बाबूराव कोल्हापुरातच राहिले, शिल्पंही करत होते.

पुढं ब्रशनं बोर्ड आणि पोस्टर रंगवणाऱ्यांचं काम शहरात बरीच वर्षं चाललं, फ्लेक्स प्रिंटिंग आल्यावर ते बरंच आटलं.