हलव्याला काटा येतो तरी कसा?

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात संक्रांत जवळ आली की एकच चर्चा: यंदा हलवा कोण करणार? काटा येणं हाताच्या गुणावर असतं, याबद्दल वाड्यातल्या समस्त बायकांची खात्री होती. मोठ्या काकूंच्या हाताला काटा यायचा. धाकटीच्या हाताला येत नाही म्हणून तिला परातीजवळ फिरकू देत नसत, आणि दृष्ट लागू नये म्हणून दारही लोटून घ्यायचे. हल्ली दृष्टीची जागा केमिकलने घेतली आहे. ‘एवढे टोकदार काटे केमिकलशिवाय येतील का?’ म्हणे. येतात. साखर, पाणी आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर येतात.

आधी कृती. साखरेत पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध सोडायचं. दुधातली प्रथिनं गोठताना साखरेतला कचरा कवेत घेतात आणि मळी वर येते, ती काढून टाकायची. मंद शेगडीवर परात, परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी सारखं फिरवत राहायचं. सुकलं की पुढचा चमचा. काकूंच्या बोटांची टोकं दुपारपर्यंत लालबुंद व्हायची आणि दाणा तेव्हा कुठे ज्वारीएवढा झालेला असायचा.

आता पाकात काय चालतं ते पाहू. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे २ किलो साखर विरघळते. १०० अंशांना जवळपास ५ किलो. म्हणजे गरम पाक निवला किंवा त्यातलं पाणी उडालं की पाण्याला झेपेल त्याहून जास्त साखर त्यात अडकून राहते. हा अतिसंपृक्त पाक. साखरेला बाहेर पडायचं असतं, पण स्फटिकाची सुरुवात करणं अवघड. पंगतीत पहिला माणूस बसेपर्यंत सगळे उभेच असतात, तसं. तिळावर एकदा साखरेचा थर बसला की ही अडचण संपते. पुढची साखर त्याच स्फटिकांवर बसत जाते.

इथवर ठीक. पण मग दाणा गुळगुळीत का होत नाही? बडीशेपेच्या रंगीत गोळ्याही अशाच थरावर थर चढवून करतात, आणि त्या चांगल्या गुळगुळीत असतात. गंमत आहे ती इथेच.

कुठलाही थर अगदी सारखा बसत नाही. योगायोगाने कुठेतरी केसभर उंचवटा राहतो. दाणा परातीत लोळतो तेव्हा परातीला आणि पाकाला आधी टेकतो तो हा उंचवटा. पाक त्यालाच लागतो, परातीची ऊब त्यालाच मिळते, तिथलंच पाणी आधी उडतं आणि साखर तिथेच बसते. उंचवटा आणखी उंच होतो, म्हणून पुढच्या फेरीत तोच आणखी आधी टेकतो. खाचेपर्यंत पाक पोचतच नाही. पाक जास्त किंवा फार पातळ पडला तर मात्र पृष्ठताणामुळे तो खाचांत ओढला जातो, वर टोकंही विरघळवतो. झाला दाणा गुळगुळीत! धाकट्या काकूंचा ‘गुण’ बहुधा चमच्याच्या मापात अडकला होता.

वाढत्या गोळ्याचं पृष्ठ असं बिघडतं, याचं गणित मुलिन्स आणि सेकेर्का या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडलं. द्रावणातून वाढणाऱ्या गोळ्याच्या टोकाजवळ संहतीचा, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाचा, उतार तीव्र असतो, म्हणून टोकाकडे पदार्थ लवकर पोचतो. पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभाग वाढवायला मोजावी लागणारी ऊर्जा, मात्र टोक दाबायला बघते. या रस्सीखेचीत गोळ्याची त्रिज्या क्रांतिक त्रिज्येच्या (त्याहून लहान स्फटिक टिकत नाही, विरघळून जातो) सातपट होईपर्यंत पृष्ठऊर्जा जिंकते, त्यापुढे टोकं सुटतात. हलव्याला हे समीकरण जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण इथे पाक चारी बाजूंनी नसतो, चमच्याने येतो. पण मुद्दा तोच: जो पुढे आहे त्यालाच आणखी मिळतं.

आपल्या हलव्याचा एक जपानी भाऊबंदही आहे, कोन्पेइतो. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात मिठाई जपानात गेली आणि तिथे तिला काटे फुटले. फिरत्या तापल्या कढईत ती करायला दोनेक आठवडे लागतात. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की सगळ्या दिशा सारख्या असताना ही साखर गोल का वाढत नाही. उत्तराचा रोख त्याने बरोबर ओळखला होता: बारीकसारीक योगायोगच पुढे मोठे होतात.

थंडीत काटा चांगला येतो म्हणतात, त्यात मात्र तथ्य आहे. निफाडला पारा घसरला की नाशिककर स्वेटर शोधतात आणि हलवेवाल्या खुश होतात. थंड हवेत बाष्प मुळात कमी असतं; परातीजवळ ती तापली की आणखी कोरडी होते आणि पाण्याला पटकन ओढून घेते.

पाकात लिंबू पिळणार असाल तर मात्र जपून. आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे होतात आणि ते स्फटिकाच्या रांगेत बसत नाहीत. जिलेबीच्या पाकाला हे हवंच असतं. हलव्यात चार थेंब जास्त पडले की दाणे चिकट. गुळात हे तुकडे आधीच असतात, म्हणून गुळाच्या पाकाला काटा धरवणं कठीण.

बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने आठवण म्हणून ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात ठेवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. अणकुचीदार टोक सपाट भागापेक्षा लवकर विरघळतं, त्यामुळे पावसाळ्यात पहिला बळी काट्याचा. मुंबईच्या नातवाला पाठवलेत तर त्याला म्हणावं, फोटो काढ आणि खाऊन टाक.