विळ्यासारखी पेशी आणि कायद्याची रेघ

सुमनमावशी इंदूरला रामबागेत आमच्या शेजारी राहतात आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी दाखवली. गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच काही चिंचोळ्या, दोन्हीकडे टोकदार, अगदी विळ्यासारख्या. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात डीएनएचं एक अक्षर बदललं, ‘ए’ऐवजी ‘टी’ आला, एवढंच कारण.

मावशींचा देवासचा भाचा या आजाराचा वाहक आहे, म्हणजे दोनपैकी एक जनुक सदोष पण स्वतःला आजार नाही, आणि त्याचं लग्न ठरतंय. म्हणाल्या, “मूल राहण्याआधीच हे मुळातून काढता येत नाही का रे?”

ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये सिकलसेलवरच्या ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर (जनुकात नेमक्या जागी बदल करण्याचं तंत्र) उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांच्यात बदल करतात आणि परत सोडतात. गर्भात असताना तयार होणारं हिमोग्लोबिन त्यांच्यात पुन्हा बनू लागतं. पण हा बदल त्या रुग्णापुरता. त्याच्या मुलांकडे जुनंच जनुक जातं.

मावशी विचारत होत्या ते भ्रूणाबद्दल. तिथे केलेला बदल बाळाच्या पेशीपेशीत उतरतो, पुढे नातवंडांतही. चूक झाली तर चूकही. आणि ज्यांना ती भोगायची, त्यांना विचारायची सोयच नाही. म्हणून रुग्णापुरता बदल चालेल, भ्रूणातला पुढच्या पिढ्यांत जाणारा नाही; मला तरी हीच रेघ योग्य वाटते. युरोपातल्या 1997 च्या ओव्हिएदो कराराने ती आखली. आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी भ्रूणात असे बदल फक्त प्रयोगशाळेत करता येतात. भ्रूण 14 दिवसांपुढे वाढवता येत नाही, गर्भाशयात तर मुळीच सोडता येत नाही.

चीनमध्ये ‘हे च्यानख्वे’ नावाच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये तेच केलं, बदललेले भ्रूण गर्भाशयात सोडले. जुळ्या मुली जन्मल्या. या शास्त्रज्ञांना 3 वर्षांची कैद झाली ती बेकायदा वैद्यकीय व्यवसायाबद्दल, कारण नेमका कायदाच नव्हता. तो 2021 मध्ये आला, मुली जन्मल्यानंतर. आपल्याकडेही या कृत्याचं नाव घेऊन शिक्षा ठरवणारा स्वतंत्र कायदा अजून नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. तो आधी यायला हवा.

भाच्याचं काय? नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) केलं तर भ्रूण तपासून निरोगी तेवढा निवडायला 2021 चा एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा परवानगी देतो. जनुकाला हात लावावा लागत नाही. लिंग पाहून निवड मात्र गुन्हा.

“म्हणजे आधी मुलीचं रक्त तपासायला हवं,” म्हणत मावशींनी तिथूनच देवासला बहिणीला फोन लावला.