महेंद्रन, जे.

(२५ जुलै १९३९ – २ एप्रिल २०१९). तमिळ चित्रपट दिग्दर्शक, पटकथा-संवाद लेखक आणि उत्तरायुष्यात अभिनेते. मूळ नाव जे. अलेक्झांडर. जन्म तमिळनाडूतील इळैयान्गुडी येथे. दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर अवघे बारा चित्रपट आहेत आणि त्यांतले बहुतेक १९७८ ते १९८६ या आठ-नऊ वर्षांतले. तरीही तमिळ सिनेमा बोलायचा थांबून बघायला कधी शिकला, असे विचारले तर महेंद्रन यांच्यापाशी थांबावेच लागते.

त्यांच्या उमेदवारीचा काळ मात्र सगळा शब्दांचा होता. कारैकुडीच्या अळगप्पा महाविद्यालयात शिकत असताना, १९५८ साली, तमिळ पडद्यावरचे लोकप्रिय नायक एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) तिथल्या कार्यक्रमाला आले. त्यांच्यासमोरच या विद्यार्थ्याने व्यासपीठावरून तमिळ चित्रपटांतल्या खोटेपणावर टीका केली. कॉलेजात एक मुलगा नि एक मुलगी नुसती बोलताना दिसली तरी सगळ्यांच्या नजरा वळतात. पडद्यावरचे नायक-नायिका मात्र गावभर गाणी म्हणत हिंडतात आणि त्यांना कोणी हटकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. एमजीआर रागावले नाहीत. उलट, हा चांगला समीक्षक होईल असा अभिप्राय त्यांनी लिहून दिला. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी मद्रासला आलेले महेंद्रन ते शिक्षण सोडून वृत्तपत्रात नोकरीला लागले. तिथे एमजीआर यांची पुन्हा गाठ पडली आणि त्यांनी तमिळ कादंबरीकार कल्की यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या भल्यामोठ्या कादंबरीची पटकथा लिहिण्याचे काम या तरुणावर सोपवले. तो चित्रपट तेव्हा झाला नाही, पण पटकथेची तालीम मात्र पक्की झाली. नंतर चो रामस्वामी यांच्या ‘तुघलक’ नियतकालिकातही त्यांनी काम केले.

साठ आणि सत्तरच्या दशकांत ते कथा-संवाद लेखक म्हणून नावारूपाला आले. सर्वांत गाजले ते ‘तंगप्पदक्कम्’ (सुवर्णपदक). कर्तव्यकठोर पोलीस अधिकारी आणि त्याचा वाममार्गाला लागलेला मुलगा यांची ही कथा आधी रंगभूमीवर आली आणि १९७४ मध्ये शिवाजी गणेशन यांना घेऊन पडद्यावर आली. नाटकातून आलेल्या त्या काळच्या तमिळ सिनेमात लांब, ठसकेबाज संवादांना टाळ्या पडत, आणि त्या टाळ्या महेंद्रन यांनाही भरपूर मिळाल्या. पण ज्या लिखाणाने त्यांना भाकरी दिली, त्या लिखाणावर त्यांचे मन रमले नाही. कॉलेजातल्या त्या भाषणात ज्याला नावे ठेवली तेच आपण लिहितो आहोत, ही खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

दिग्दर्शनाची संधी आली तेव्हा त्यांनी ही सारी परंपरा बाजूला सारली. ‘मुळ्ळुम मलरुम’ हा त्यांचा पहिला चित्रपट १५ ऑगस्ट १९७८ रोजी प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ ‘काटा आणि फूल’ असा लागतो, तसाच ‘काटाही उमलेल’ असाही. उमाचंद्रन यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा डोंगरातल्या वीजप्रकल्पावर विंच (चढावर ट्रॉली ओढणारे यंत्र) चालवणाऱ्या काळीची आणि त्याच्या बहिणीची, वळ्ळीची. काळीच्या भूमिकेसाठी महेंद्रन रजनीकांत यांच्यावर अडून बसले. रजनीकांत तेव्हा प्रामुख्याने खलनायकी भूमिकांसाठी ओळखले जात, आणि निर्माते वेणू चेट्टियार यांना ही निवड मान्य नव्हती. (बंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड तमिळ प्रेक्षकांना ‘स्टाइल’ पलीकडचा नट म्हणून दिसला तो या चित्रपटात, असे माझे मत आहे.) छायालेखन बालू महेंद्र यांचे, संगीत इळैयराजा यांचे. एक गाणे चित्रित व्हायचे राहिले असताना निर्मात्याने आणखी पैसे घालायला नकार दिला, तेव्हा तो खर्च कमल हासन यांनी उचलला. या चित्रपटाशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता. मित्राचे काम अडू नये एवढेच.

या चित्रपटात काळी लॉरीखाली सापडून एक हात गमावतो. बहीण त्याला तसा पहिल्यांदा बघते तो प्रसंग जुन्या पद्धतीने दोन पाने संवादांचा झाला असता. महेंद्रन यांनी तिथे शब्द जवळजवळ काढूनच टाकले. चेहरे आणि इळैयराजांचे संगीत एवढ्यावर तो उभा आहे. शेवटही तसाच. ज्या इंजिनिअरवर वळ्ळीचे प्रेम आहे त्याचा काळी मनापासून द्वेष करतो. लग्नाला निघालेली बहीण ऐन वेळी भावाकडे परत येते आणि त्याचा सारा अहंकार विरघळतो. तो लग्नाला राजी होतो, पण जाता जाता इंजिनिअरला सांगतो की मला तुम्ही अजूनही आवडत नाही. माणूस क्षणात बदलून देव होत नाही, याचे इतके प्रामाणिक चित्र त्या वेळच्या लोकप्रिय सिनेमात विरळाच. के. बालचंदर यांनी रजनीकांत यांना पुढे एकदा त्यांचा आवडता दिग्दर्शक विचारला. स्वतः बालचंदर, म्हणजे त्यांना चित्रपटात आणणारे गुरू, समोर असताना त्यांनी नाव घेतले ते महेंद्रन यांचे.

‘उदिरिपूक्कळ’ (१९७९) हा त्यांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट. उदिरिपूक्कळ म्हणजे न ओवलेली, सुटी फुले. पुदुमैपित्तन यांच्या ‘चित्रन्नै’ (सावत्र आई) या कथेचा आधार नावापुरता घेऊन महेंद्रन यांनी आपली स्वतंत्र कथा रचली. सुंदरवडिवेलू हा गावातला प्रतिष्ठित पण विकृत वृत्तीचा माणूस. तो आजारी बायकोला छळतो, तिच्या धाकट्या बहिणीवर डोळा ठेवतो. अखेरीस गाव त्याला नदीकाठी गाठते आणि पाण्यात उतरून मरायला भाग पाडते. मरण्यापूर्वी तो गावकऱ्यांना म्हणतो, आजवर तुम्ही सारे चांगले होतात, आज मी तुम्हाला माझ्यासारखे केले, माझ्या पापांत हेच सर्वांत मोठे. काठावर उरतात त्याची दोन लहान मुले. सुटी फुले ती हीच. दुष्टाला शासन झाल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळत नाही. मुलांकडे बघताना घशात आवंढा तेवढा येतो. अशोक कुमार यांचे छायालेखन आणि विजयन, अश्विनी यांचा अभिनय यांनी हा चित्रपट सजला.

१९८० मध्ये ‘जॉनी’ आणि ‘नेंजत्तै किळ्ळादे’ (काळजाला चिमटा घेऊ नकोस) आले. ‘जॉनी’त रजनीकांत दुहेरी भूमिकेत असूनही चित्रपट लक्षात राहतो तो श्रीदेवीने रंगवलेल्या एकाकी गायिकेमुळे. ‘नेंजत्तै किळ्ळादे’तून सुहासिनी अभिनेत्री म्हणून पुढे आल्या, त्याआधी त्या अशोक कुमार यांच्याकडे छायालेखनात साहाय्यक होत्या. सकाळच्या धुक्यात धावणारी जोडी आणि त्यांच्या पावलांच्या ठेक्यावर बांधलेले गाणे आजही तमिळ रसिकांच्या ओठी आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट, छायालेखन आणि ध्वनिमुद्रण असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

यानंतर ‘नंडु’ (खेकडा, १९८१), ‘मेट्टी’ (जोडवे, १९८२), रजनीकांत-रेवती यांचा ‘कै कोडुक्कुम कै’ (१९८४) असे चित्रपट आले, पण पहिल्या तीन वर्षांची उंची पुन्हा गाठली गेली नाही. चेट्टियार समाजातील दत्तकप्रथेवरचा ‘शासनम्’ २००६ मध्ये प्रदर्शित झाला. तो त्यांचा अखेरचा.

वयाच्या पंचाहत्तरीनंतर ते नट म्हणून नव्या पिढीला भेटले. अ‍ॅटली यांच्या ‘तेरी’त (२०१६) त्यांनी विजयसमोर सूडाने पेटलेला मंत्री उभा केला, आवाज न चढवता धाक निर्माण करणारा हा खलनायक अनेकांना अनपेक्षित होता. प्रियदर्शन यांच्या ‘निमिर’मध्ये (२०१८) ते जुन्या वळणाच्या, अबोल छायाचित्रकाराच्या भूमिकेत होते. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या मुलाला हा बाप फार काही सांगत नाही, आणि त्या न सांगण्यातूनच मुलगा बघायला शिकतो. ‘पेट्टा’त (२०१९) रजनीकांत यांच्याबरोबर ते पुन्हा एकत्र आले, या वेळी कॅमेऱ्यासमोर. त्यानंतर काही महिन्यांतच चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जॉन महेंद्रन हेही दिग्दर्शक आहेत.